साठीनंतर दुकान मोबाईलवर आणायची भीती : आपापले अनुभव सांगा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या पश्चात मी गल्ल्यावर बसायला लागलो, आता चौसष्टावं चालू आहे. गेल्या वर्षापासून दुकान गुगल मॅपवर, व्हॉट्सॲपवर आणि थोडंफार इन्स्टाग्रामवर आहे. आळीतले माझ्याच वयाचे दुकानदार येऊन बसतात आणि हळूच विचारतात, "हे तुम्ही कसं जमवलंत? आम्हाला तर धास्तीच वाटते." त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे लिहितोय. इथेही कुणाचं पिको-फॉलचं दुकान आहे, कुणी मसाले करतं, कुणाची खानावळ आहे. त्यांनीही आपलं सांगावं, म्हणून हा धागा.

"आम्हाला मोबाईल जमत नाही" हे आमच्या पिढीचं पालुपद मला पटत नाही. याच माणसांनी नोटाबंदीनंतर काउंटरवर क्यूआर कोड लावले, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बिलांची पद्धत बदलली, टाळेबंदीत फोनवर ऑर्डरी घेतल्या. न जमणारी माणसं नव्हेत ही. घोडं अडतं ते भीतीपाशी, आणि ती एकच भीती नसते. लोक हसतील. पैसे जातील. शेजारच्याला भाव कळेल. एकदा टाकलेलं पुसता येणार नाही. आणि मुलाला-सुनेला सारखं विचारावं लागेल, ती वैतागतील. ही शेवटची कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत खोल तीच असते. ज्याने जन्मभर गिऱ्हाइकाला भांडं पारखायला शिकवलं, त्याला "बाबा, परवाच तर दाखवलं होतं" हे ऐकणं फार जड जातं. या भीती सुट्या केल्या की प्रत्येकीवर काहीतरी उपाय निघतो. एकत्र राहिल्या तर माणूस फोन उपडा ठेवतो आणि विषय संपतो.

सुरुवात गुगल मॅपपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. तिथे चेहरा दाखवावा लागत नाही, रोज काही टाकावं लागत नाही, आणि गिऱ्हाईक आधीपासूनच तिथे शोधत असतं. रामकुंडावर आलेला परगावचा माणूस "तांब्याची भांडी" म्हणून शोधतो. नकाशावर तुमचं नाव नसेल, तर तुम्ही हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्या लेखी नाहीच. दुकानाची नोंद आपल्या ताब्यात घ्यायला एक रुपया लागत नाही. खात्री पटवण्यासाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात : रस्ता, पाटी, आतला माल, आणि मालक स्वतः कुलूप उघडताना. "नोंदणी करून देतो, इतके भरा" असे फोन येतात, त्यांना सरळ नाही म्हणा.

आता "लोक हसतील" याबद्दल जरा सविस्तर. नातीने फोन माझ्यासमोर धरला आणि "आजोबा, बोला" म्हणाली. शब्द फुटेना. मग ठरवलं, चेहरा नको, काम दाखवू. आमच्याकडे कल्हई करायला चाचा येतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, हात घ्या, तोंड नको. ठीक. पितळी पातेलं निखाऱ्यावर तापलं, भाता चालू होता, चाचांनी नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर उठला. कथलाची कांडी आतून फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात पुसून घेतलं, तोवर पिवळं भांडं आतून पांढरंशुभ्र. कथील २३२ अंशांना वितळतं, भांडं जास्त तापलं तर काम बिघडतं, म्हणून ती सगळी घाई. मग पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज. नातीने फक्त एवढंच टिपलं. मी मागून बोललो : कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो ठेवू नका, धातू उतरतो. गाणं लावलं नाही. धंद्याच्या खात्यावर सिनेमाची गाणी तशीही सहसा मिळत नाहीत, आणि भात्याचा आवाज असताना हवंय कशाला?

त्याखाली लोकांनी काय विचारावं? "कल्हई अजून करतात? कुठे? किती दिवस टिकते? आजीची कासंडी पडून आहे, तिला होईल का?" एकानेही माझ्या वयाबद्दल, माझ्या मराठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपल्याला जे रोजचं वाटतं, ते आज निम्म्या घरांना माहीत नाही. नाचायची, डोळे मिचकावायची काही गरज पडत नाही. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून जे गोळा झालंय, तेच सांगायचं.

---

शिवणवेल

काका, फार मनापासून लिहिलंत. माझं कराडला ब्लाउज शिलाई आणि पिको-फॉलचं काम, वय ५७. पण बायकांची भीती थोडी वेगळी असते हो. नंबर सगळीकडे गेला की रात्री-बेरात्री "हाय" येतात. मागे एकदा दुकानाच्या पाटीवर नंबर रंगवला होता तेव्हाच इतका मनस्ताप झाला की तो पुसून घेतला. म्हणून इन्स्टाग्राम वगैरेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. मुलगा म्हणतो घाबरू नको. पण "घाबरू नको" म्हणून भीती जाते का?

---

माजी_बँकवाला

चांगला धागा. मी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं शाखेत फसवणुकीच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या, म्हणून पैशाच्या भीतीबद्दल लिहितो. ही भीती रास्त आहे. ती घालवू नये, नेमकी करावी.

लहान दुकानदाराला हमखास येणारा फोन असा : "मी लष्करात आहे, युनिटसाठी पंचवीस समया हव्यात." ओळखपत्राचा फोटोही येतो. हा माणूस वजन विचारत नाही, घासाघीस करत नाही, माल बघत नाही. इथेच खूण पटायला हवी, कारण पंचवीस समया घेणारं खरं गिऱ्हाईक पहिल्यांदा भाव पाडून मागतं. मग तो म्हणतो, "आमची पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." इतकं लक्षात ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

दुसरा प्रकार, "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा", सोबत पैसे भरल्याचा फोटो. फोटोवर विसंबू नका, खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल हलवू नका. तिसरा, दुकानाच्या पेजवर संदेश येतो, "कॉपीराइट भंगामुळे तुमचं पेज चोवीस तासांत बंद होईल, इथे दाबा." दाबलं आणि पासवर्ड टाकला की पेज त्यांचं. आणि लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, कधीही उघडू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती फोनमध्ये बसवावी लागत नाही.

जुन्या पठडीतला एक उपाय अजूनही उत्तम चालतो. दुकानाच्या यूपीआयला वेगळं खातं जोडा आणि त्यात जेमतेम रक्कम ठेवा. संध्याकाळी मुख्य खात्यात वळती करा. काही झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. लाजेपोटी लोक घरी सांगत नाहीत आणि तोच वेळ हातचा जातो.

---

प्राजक्ता_अकोला

माझ्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. काकांनी ती पाचवी भीती लिहिली ना, मुलांना विचारण्याची, ती वाचून गलबलून आलं. मुलांच्या बाजूने सांगते. आपण शिकवतो म्हणजे काय करतो, तर फोन त्यांच्या हातातून घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि "झालं" म्हणून परत देतो. त्यात ते काय शिकणार? मी ठरवलं की फोन बाबांच्याच हातात राहील, मी बोटही लावणार नाही. त्यांनी रोजमेळाच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं : "हिरव्या दुकानाच्या चित्रावर दाबणे, मग अधिक चिन्ह." ॲपमध्ये बदल झाला की ते ओळ खोडून नवी लिहितात. आता मला फोन येतो तो नट-बोल्टचा फोटो चांगला आलाय का विचारायला.

अजून एक, जरा कडवट. बाबांनी आधी एका एजन्सीला काम दिलं होतं. त्यांनी फेसबुक पेज स्वतःच्या खात्यावरून काढलं. महिन्याचे पैसे थांबवल्यावर पेजही गेलं, त्यावरचे सगळे अभिप्रायही. तेव्हा काम कुणालाही द्या, पण पेज, गुगलची नोंद, सगळं आपल्या नंबरवर, आपल्या ईमेलवर आपणच उघडा आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. पूर्ण ताबा देऊ नका. जाहिरात "बूस्ट" करायची, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायची असेल तर रोजचा खर्च आणि शेवटची तारीख आपण ठरवू शकतो. ते दोन आकडे स्वतः भरा.

---

देवगडची_बाग

आमच्या हापूसच्या बागेतल्या झाडाचा फोटो टाकला. आठवडाभरात तोच फोटो लावून भलताच माणूस आगाऊ पैसे घेत होता. फसलेली माणसं फोन करायला लागली ती आम्हाला. तेव्हा वाटलं, झक मारली आणि ऑनलाइन आलो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची प्रमाणपत्रं निघाली, पण फोटो चोरणाऱ्याला त्याचं काय?

आता एक करतो. फोटोच्या कोपऱ्यात नाव टाकत नाही, ते कापता येतं. पेटीवरच बागेचं नाव मोठ्या अक्षरात छापलंय आणि फोटोत पेटीवर माझा हात असतो. कुणी शंका काढली तर व्हिडिओ कॉल करून बाग दाखवतो. हंगामात दिवसाला कितीतरी असे कॉल होतात, दमायला होतं, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपणहून फोन करतं. घाबरून बंद केलं असतं तर तो चोर तसाच विकत राहिला असता आणि खरा कोण हे सांगायला तिथे कुणीच नसतं.

---

पंगत

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. प्रत्येकाने गेलंच पाहिजे का? माझी सोलापूरला खानावळ आहे. दुपारी चाळीस पानं, रात्री तीस. भाकरी थापणाऱ्या दोघीजणी आहेत, त्यांचे हात तेवढेच. मुलाच्या आग्रहाने एका पोरीने व्हिडिओ केला, गर्दी झाली, नेहमीचे डबेवाले ताटकळले आणि भाकऱ्या कच्च्या गेल्या. मला भीती नाही, मला गरज नाही. ही दोन वेगळी आहेत, आणि हल्ली कुणी "नको" म्हटलं की त्याला भित्राच समजतात.

---

गोदाकाठ

पंगत, राग कसला, तुमचं म्हणणं मला पटतं. ज्याचे हात पुरे पडत नाहीत त्याने गर्दी कशाला ओढवून घ्यावी? पण गुगलच्या नोंदीत वेळ आणि सुट्टीचा वार तरी बरोबर ठेवा. बंद दारावरून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही. आणि त्या भाकरी करणाऱ्या बाईंना व्हिडिओ काढण्याआधी कुणी विचारलं होतं का? हे मी टोचून बोलत नाही. आमच्या चाचांमुळे मला हे लक्षात आलं. कारागिराला विचारल्याशिवाय त्याचे हात विकू नयेत. व्हिडिओखाली मी त्यांच्या परवानगीने त्यांचा नंबर दिला, आता मखमलाबाद, पंचवटीतून त्यांना थेट कामं येतात.

भावाबद्दल बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. आमचा माल वजनावर जातो आणि धातूचा भाव हलता असतो. सुरुवातीला भाव लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण "भाव कळवा" आणि "मेसेज करा" यात निम्मी गिऱ्हाइकं गळतात. आता मी वजन आणि त्या तारखेचा भाव, दोन्ही लिहितो, "भाव बाजारानुसार बदलेल" असं खाली टाकतो. शेजाऱ्याला कळतो, कळू दे. त्याला तो आधीही कळायचाच, एखाद्या पोऱ्याला पाठवून.

---

जाई_न्यूजर्सी

काका, तुमच्याकडे घंगाळ आहे का हो? आईचं चुलत्यांकडे राहिलं. डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय, तेव्हा नाशिकला येऊन घेऊन जाईन. फोटो बघायला मिळाला तर बरं.

---

रसायन_मास्तर

कल्हईचं वर्णन अचूक आहे. नवसागर तापल्यावर पृष्ठभागावरचा ऑक्साईड काढतो, म्हणून कथील धरतं. एक विनंती. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने मधुमेह बरा होतो, सांधेदुखी जाते, असे व्हिडिओ भांडेवाले सर्रास टाकतात. कृपया त्या वाटेला जाऊ नका. आजार बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ सालापासून कायदा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एखादा म्हातारा माणूस ते ऐकून गोळ्या बंद करतो. आंबटाबद्दल जे सांगितलंत तसलं खरं सांगणं पुरेसं आहे.

---

गोदाकाठ

मास्तर, तंतोतंत. आरोग्याचं काही सांगायचंच नाही असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

जाई, आहे. दोन आकारांत आहेत, फोटो निरोपात पाठवतो. वजन बघून घ्या, विमानात न्यायचंय.

शिवणवेल ताई, तुमचं उत्तर मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते नीट लिहायचं होतं. घरी सुनेशीही बोललो, तिचा पार्लरचा व्यवसाय आहे.

पहिलं, दुकानासाठी वेगळं सिम घ्या. घरचा नंबर कुणालाच द्यायचा नाही. त्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. एक नंबर साध्या व्हॉट्सॲपवर किंवा बिझनेसवर, एकाच ठिकाणी चालतो, त्यामुळे तुमचं खासगी व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर जसंच्या तसं राहील. फोटोत स्वतःला ठेवू नका, शिलाई मशीन ठेवा. नाव दुकानाचं ठेवा. "शेवटचं कधी ऑनलाइन" हे लपवता येतं. दुकानाची वेळ घातलीत की रात्री आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जातं, "दुकान सकाळी दहाला उघडेल." सूनबाईंचं म्हणणं, या एका वाक्याने निम्मे "हाय" तिथेच थांबतात, कारण समोर बाई नाही, दुकान आहे हे कळतं. उरलेल्यांना उत्तर न देता ब्लॉक करायचं. समजावत बसायचं नाही. आणि रात्री तो फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, उशाशी नाही. दोन टप्प्यांची पडताळणी मात्र पहिल्याच दिवशी चालू करा, तिचा पिन वहीत लिहून कपाटात.

---

शिवणवेल

काका, सुनबाईंना माझा नमस्कार सांगा. "बाई नाही, दुकान आहे" हे मला फार पटलं. वेगळं सिम काल घेतलं. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचे फोटो आणि भाव टाकायचा कॅटलॉग असतो ना, त्यात काय टाकू हे कळत नाहीये. गिऱ्हाइकांचे ब्लाउज टाकले तर त्यांना आवडणार नाही, आणि अंगात घातलेले फोटो तर मी टाकणारच नाही. टायपिंगही मला फार हळू जमतं.

---

प्राजक्ता_अकोला

ताई, कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं ना, ते दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. बाबा तसंच करतात. "बिजागरी" पहिल्याच फटक्यात बरोबर येतं.

---

गोदाकाठ

ताई, गिऱ्हाइकाचं कापड टाकूच नका. उरलेल्या तुकड्यांवर गळ्याचे पाच-सहा प्रकार शिवा : पान गळा, चौकोनी, मागून नाडी, जे तुमच्याकडे जास्त चालतात ते. दिवसा खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढा. प्रत्येकाखाली शिलाई किती, अस्तर धरून की वेगळं, आणि किती दिवसांत मिळेल हे लिहा. लग्नसराईत किती दिवस लागतील तेही आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे मे महिन्यात भांडणं होणार नाहीत. एखादा फोटो उलटाही टाका, आतली शिवण दिसेल असा. चांगला शिंपी आतल्या शिवणीवरून कळतो, हे माझी आई सांगायची, आणि तुमचं गिऱ्हाईक तेच बघणार आहे.

पत्ता लिहिताना नुसता घर क्रमांक नको. जवळची खूण मराठीत लिहा, लोक रस्ता विचारताना जसं बोलतात तसं. फोटो काढून झाले की इथे टाका, सूनबाई बघून सांगेल म्हणाली.